भिंती नसलेलं घर

दोस्तांनो, आधी एक कोडं घालते. असं कोणतं घर, की ज्याला दार नाही, खिडकी नाही, कडी नाही, कुलूप नाही, आणि भिंत तर एकसुद्धा नाही?

‘पक्ष्याचं घरटं!’ असं कुणीतरी नक्की ओरडेल. चूक! हे घर माणसांचं आहे. त्यात आजी-आजोबा, काका-काकू आणि ढीगभर पोरंटोरं राहतात. अशा एका घरात मी आणि माझी दहा वर्षांची भाची चार रात्री राहून आलो. त्याचीच ही गोष्ट. पण आधी तुम्ही नकाशाचं पुस्तक घ्या बघू!

ऑस्ट्रेलिया सापडला? त्याच्या उजव्या हाताला न्यूझीलंड. तिथलं ऑकलंड शहर शोधा. आता तिथून पॅसिफिक महासागरात ईशान्येकडे बोट सरकवत न्या. जवळजवळ तीन हजार किलोमीटर नुसतं निळं पाणी! आणि मग माशी बसल्यासारखे दोन ठिपके दिसतील. तोच सामोआ देश. एका मोठ्या बेटाचं नाव उपोलू आणि दुसऱ्याचं सवाई. गंमत बघा, सवाई हे बेट उपोलूच्या सवाईच काय, चांगलं दीडपट आहे! पण माणसं जास्त राहतात ती उपोलूवर. राजधानी आपिया तिथेच आहे. अख्ख्या देशाची लोकसंख्या अवघी दोन लाखांच्या आसपास. १९६२ सालच्या १ जानेवारीला हा देश न्यूझीलंडच्या ताब्यातून स्वतंत्र झाला.

माझी बहीण ऑकलंडला राहते. तिच्याकडे गेले होते, तेव्हा भाचीला शाळेची सुट्टी होती. मावशी-भाची दोघी विमानात बसलो आणि साधारण चार तासांत सामोआला उतरलो.

हरवलेला शुक्रवार

सामोआची एक गोष्ट तर तुम्हाला खोटीच वाटेल. या देशात २०११ साली ३० डिसेंबर हा दिवस उगवलाच नाही! लोक २९ तारखेला, गुरुवारी रात्री झोपले आणि जागे झाले ते एकदम ३१ तारखेला, शनिवारी. मग त्या दिवशी ज्यांचा वाढदिवस, त्यांनी काय केलं असेल बरं?

झालं होतं असं, की भूगोलात तुम्ही जी आंतरराष्ट्रीय वाररेषा शिकता, तिच्या अमेरिकेकडच्या बाजूला सामोआ होता. पण त्यांचा व्यापार जास्त न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाशी. इकडे शुक्रवार, तर तिकडे शनिवारची सुट्टी. इकडे सोमवार उजाडेपर्यंत तिकडे मंगळवार. आठवड्यातले दोन दिवस फुकट जायचे. शेवटी देशानं ठरवलं, आपणच रेषेच्या पलीकडे उडी मारायची! आता सामोआचं घड्याळ आपल्या साडेसात तास पुढे असतं. शेजारीच अमेरिकेच्या ताब्यातली सामोअन बेटं आहेत. त्यांनी मात्र उडी मारली नाही. म्हणून तिथे घड्याळात वेळ तीच असते, पण तारीख कालची!

बस आणि मांडी

आपियाहून आम्ही बसनं निघालो. बस म्हणजे लाकडी सांगाड्याची, भडक रंगांची, खिडक्यांना काचा नाहीत. आत गाणी अशी ठणाणा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. बाकं भरली की नवा माणूस उभा राहत नाही. तो सरळ बसलेल्याच्या मांडीवर बसतो! आधी मला वाटलं, ही सगळी एकमेकांची नातलग असावीत. तेवढ्यात एक धिप्पाड बाई हसत हसत आली, तिनं माझ्या भाचीला अलगद उचललं, स्वतः बसली आणि तिला मांडीवर घेतलं. भाची लाजून लालेलाल! पण पुढचा सगळा रस्ता ती त्या मांडीवर आरामात झोपली होती, बरं का.

आम्हाला जायचं होतं लालोमानू या गावी. उपोलूच्या आग्नेय टोकाला, समुद्राच्या काठावर. मागे हिरवागार डोंगराचा कडा, पुढे पांढरी वाळू, आणि मध्ये एक रस्ता. वाळूवर ओळीनं झोपड्या उभ्या. खांबांवर छप्पर, बाकी सगळं उघडं.

भाचीनं पहिला प्रश्न विचारला, ‘‘मावशी, भिंती कुठायत?’’

फाले

या झोपडीला तिकडे म्हणतात ‘फाले’. फाले म्हणजे घर. पूर्वी सगळं गावच्या गाव अशा घरांचं असे. लंबगोल किंवा गोल जोतं, त्यावर दगडगोटे पसरलेले, भोवती लाकडी खांब आणि वर उंच घुमटासारखं छप्पर. छप्पर शाकारायचं उसाच्या नाहीतर नारळाच्या पानांनी. आणि सगळ्यात मोठी करामत म्हणजे अशा जुन्या घराला खिळा एकही नाही! वासे आणि खांब बांधायचे ते नारळाच्या सोडणापासून काढलेल्या काथ्यानं. आपल्या कोकणात ज्याला सुंभ म्हणतात ना, तोच. गावातली म्हातारी माणसं गप्पा मारता मारता मांडीवर हा सुंभ वळत बसतात. वादळात खिळ्यांचं घर करकचतं, फळी फुटते. बांधलेलं घर मात्र थोडं हलतं, वाकतं आणि पुन्हा सरळ होतं.

आता भिंती का नाहीत? अहो, तिकडे बारा महिने उकाडा. भिंत घातली की वारा अडला! पाऊस आला तर नारळाच्या झावळ्या विणून केलेले झाप वरून खाली सोडायचे. पाऊस गेला की पुन्हा वर. आज सामोआतल्या पुष्कळ घरांना पत्रे आणि सिमेंटच्या भिंती आहेत, पण अंगणात एखादा उघडा फाले असतोच. पाहुणे तिथे, गावाची बैठक तिथे, दुपारची झोपही तिथेच!

आमचा फाले दोन मोठे पलंग मावतील एवढाच होता. जमिनीपासून हातभर उंच लाकडी फळ्या, त्यावर केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांची चटई, दोन गाद्या, मच्छरदाणी आणि एक दिवा. न्हाणीघर मागच्या बाजूला, सगळ्यांना मिळून एक. पाणी गार. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण मोठ्या फालेत, सगळ्यांनी एका लांबलचक टेबलाशी बसून करायचं.

हे सगळं चालवत होतं एक कुटुंब. कुटुंब म्हणजे आपलं चौकोनी नव्हे हं! तिकडे त्याला ‘आइंगा’ म्हणतात. चुलत, मावस, आते सगळे त्यात आले. त्यांचा एक प्रमुख असतो, त्याला म्हणतात ‘मताई’. आमच्या घरात सगळ्यांत वडील होत्या एक आजी. पांढरे केस, कमरेला फुलाफुलांचं लुंगीसारखं वस्त्र, म्हणजे ‘लावालावा’. त्यांचा तेरा वर्षांचा नातू शाळा सुटली की आमच्यासाठी शहाळी काढायचा, झाप दुरुस्त करायचा, ताटं मांडायचा. आजींना आणि त्याला इंग्रजी छान येत होतं, म्हणून आमची गट्टी जमली.

मी आजींना विचारलं, ‘‘इतका सुंदर किनारा, मग इथे मोठाली हॉटेलं कशी नाहीत?’’

आजी म्हणाल्या, ‘‘जमीन विकत मिळाली तर ना!’’

खरंच आहे ते. सामोआतली शंभरातली सुमारे ऐंशी भाग जमीन रिवाजानुसार कुटुंबांच्या मालकीची आहे. ती कुणा एकाची नाही, म्हणून कुणी विकू शकत नाही. देशाच्या घटनेनंच तशी मनाई केली आहे. १९९० आणि १९९१ साली ओफा आणि वाल ही दोन भयंकर चक्रीवादळं आली, बागा झोपल्या. १९९३ मध्ये अळूवर करपा पडला आणि देशभरचं अळूचं पीक गेलं. अळू म्हणजे त्यांची भाकरीच की! त्याच सुमाराच्या वर्षांत किनाऱ्यावरच्या अनेक कुटुंबांनी आपल्याच वाळूवर चार-सहा फाले बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली.

‘सा’ म्हणजे गप्प बसा!

पहिल्या रात्री भाचीला झोप येईना. ‘‘चोर आला तर?’’

दुसऱ्या दिवशी आजींना हे कळल्यावर त्या पोट धरधरून हसल्या. म्हणाल्या, ‘‘अगं, भिंतच नाही, तर चोर लपणार कुठे? सगळ्या गावाला तो दिसेल!’’

त्या संध्याकाळी आमची चांगलीच फजिती झाली. आम्ही दोघी गावातल्या दुकानातून वेफर्सचा पुडा घेतला आणि खात खात रस्त्यानं येत होतो. एकदम शंख वाजला. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका माणसानं हात वर केला आणि आम्हाला खाली बसायची खूण केली. आम्ही घाबरून मटकन गवतावर बसलो. बघतो तर काय, खेळणारी मुलं गायब, रस्ता रिकामा! आणि मग एकेका घरातून गाणं ऐकू यायला लागलं. आई, बाबा, पोरं, आजोबा, सगळ्यांचा मिळून आवाज. भिंती नसल्यामुळे या घरातलं गाणं त्या घरात मिसळत होतं.

ही होती ‘सा’ची वेळ. आपला सप्तकातला सा नव्हे! ही संध्याकाळची प्रार्थना. आपल्याकडे दिवेलागणीला शुभंकरोति म्हणतात ना, तशी. इथले जवळजवळ सगळे लोक ख्रिश्चन आहेत. दहा-पंधरा मिनिटं अख्खं गाव थांबतं. तेव्हा रस्त्यानं हिंडायचं नाही. गावातले तरुण रस्त्यावर उभे राहून तेवढं पाहतात. पुन्हा शंख वाजला, आणि पोरं पुन्हा चेंडूमागे पळाली.

आणखी एक धडा त्या दिवशी मिळाला. चालता चालता खाणंही तिकडे वाईट दिसतं. मोठ्यांसमोर पाय पसरून बसायचं नाही, मांडी घालायची. बसलेल्या माणसांपुढून जायचं झालं तर जरा वाकून ‘तुलोऊ’ म्हणायचं, म्हणजे ‘माफ करा हं’. भाची म्हणाली, ‘‘मावशी, ही तर आपल्या आजीसारखीच बोलतात!’’

उमू आणि अळू

रविवारी पहाटे धुराच्या वासानं जाग आली. नातू आणि त्याचे मोठे भाऊ परसात ‘उमू’ पेटवत होते. उमू म्हणजे दगडांची चूल. आपल्या रायगडातली पोपटी माहीत आहे ना? तिची ही लांबची बहीण. पण इथे मडकं नाही. आधी जाळ करून दगड लालबुंद तापवायचे. त्यावर अळकुड्या, नीरफणस, हिरवी केळी, पानात गुंडाळलेले मासे रचायचे आणि वरून केळीच्या पानांचे थरच्या थर. झालं! वाफ कोंडते आणि आत सगळं शिजतं. हे काम मुलग्यांचं, बरं का! बहिणींना हाक मारायची नाही.

एक मुलगा लाकडी घोडीवर बसून नारळ खोवत होता. घोडीच्या तोंडाला दातेरी पातं. अगदी आपली खोवणीच! त्या खोबऱ्याचं दाट दूध काढलं, त्यात कांदा-मीठ घातलं, ते कोवळ्या अळूच्या पानांत ओतून पुरचुंड्या बांधल्या आणि उमूत ठेवल्या. याचं नाव पालुसामी. चर्चहून पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली सगळी मंडळी परत आली आणि आम्ही जेवायला बसलो. पालुसामीचा पहिला घास घेतला आणि मला कोकणातल्या आमच्या आजोळचं नारळाच्या रसातलं अळूचं फदफदं आठवलं. भाचीनं तीन खाल्ल्या!

ती सकाळ

जेवण झाल्यावर भाची अंगणात खेळत होती. घरासमोर सिमेंटचे दोन चौथरे होते, त्यांवर फुलं वाहिलेली. तिनं नातवाला विचारलं, ‘‘हे काय?’’

‘‘आमच्या घरातली माणसं,’’ तो म्हणाला. सामोआत घरच्यांना दूर दफनभूमीत न्यायची पद्धत फारशी नाही. घराच्या अंगणातच त्यांची समाधी असते. मुलं तिथेच खेळतात, मोठी माणसं तिथेच टेकतात.

दोन्ही चौथऱ्यांवर तारीख एकच होती. २९ सप्टेंबर २००९.

त्या दिवशी सकाळी सातला काही मिनिटं कमी असताना सामोआच्या दक्षिणेला समुद्राच्या तळाशी फार मोठा भूकंप झाला. तीव्रता ८.१. मुलं शाळेच्या तयारीत होती. काही मिनिटांतच त्सुनामीच्या लाटा या किनाऱ्यावर आदळल्या. लालोमानू आणि आसपासची गावं धुऊन निघाली. एकट्या सामोआ देशात दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्यांत म्हातारे आणि लहान मुलं पुष्कळ. वाळूवरच्या झोपड्या तर काड्यापेटीसारख्या वाहून गेल्या.

नातू तेव्हा तान्हा होता. त्याच्या आईनं त्याला काखोटीला मारलं आणि ती मागच्या डोंगरावर धावत सुटली. म्हणून तो वाचला. आजींची बहीण आणि एक सून मात्र सापडल्या नाहीत तोवर दोन दिवस गेले.

आजी हे सगळं चटई विणता विणता सांगत होत्या. आवाज शांत होता, हात थांबले नव्हते. मला राहवेना. मी विचारलं, ‘‘आजी, मग पुन्हा इथेच का बांधलंत?’’

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘पहिलं वर्षभर मी समुद्राकडे पाठ करून बसायचे. पुष्कळ लोकांनी वर डोंगरावर घरं बांधली. आमचंही झोपायचं घर आता वर आहे. पण शेत घेऊन कुठे जाऊ? यांना घेऊन कुठे जाऊ?’’ आणि त्यांनी चौथऱ्यांकडे बोट दाखवलं. ‘‘नातवंडांच्या शाळेचे पैसे या झोपड्यांतून येतात. म्हणून झोपड्या खाली आणि घर वर, असं ठरवलं.’’

त्या रात्री खरी पंचाईत झाली. भाची काही केल्या फालेत झोपेना. दूर खडकांच्या कडेवर लाटा फुटत होत्या, तो आवाज रोजचाच. पण आज तिला तो वेगळाच वाटायला लागला. ती गादीवर उठून बसली आणि रडू लागली. ‘‘आपण परत जाऊ या मावशी!’’ मी तरी काय सांगणार? ‘काही होणार नाही’ असं म्हणणं खोटं झालं असतं. मनातून मलाही भीती वाटत होतीच की!

नातू विजेरी घेऊन आला. त्यानं तिला समजावलं नाही, की भित्री म्हणून चिडवलं नाही. एवढंच म्हणाला, ‘‘चल, रस्ता दाखवतो.’’

आम्ही तिघं निघालो. फालेतून उतरायचं, नारळांच्या मधून रस्ता ओलांडायचा, निळ्या पाटीपाशी वळायचं. त्या पाटीवर लाट आणि पळणारा माणूस काढला होता. मग चढण. वर पोचलो तेव्हा आम्ही धापा टाकत होतो. खाली काळा समुद्र आणि झोपड्यांतले दिवे काजव्यांएवढे.

‘‘शाळेत आम्ही हे करतो,’’ तो म्हणाला. ‘‘जमीन जोरात हलली, उभं राहता येईना, किंवा पुष्कळ वेळ हलत राहिली, तर भोंग्याची वाट बघायची नाही. कुणी सांगायची वाट बघायची नाही. समुद्र एकदम मागे गेला, तरी बघत उभं राहायचं नाही. दप्तर घ्यायचं नाही. फक्त वर पळायचं. आणि खाली परत यायचं नाही, मोठे ‘या’ म्हणेपर्यंत. कारण लाट एकच नसते.’’

भाची म्हणाली, ‘‘पुन्हा करू या.’’ ती खाली उतरली आणि या वेळी विजेरी तिच्या हातात होती. ती पुढे, आम्ही मागे. पाटीपाशी ती चुकली, परत आली, आणि तिसऱ्या वेळी न चुकता वर पोचली. घड्याळ लावून!

मग ती येऊन झोपली. झोपण्याआधी तिनं आमच्या दोघींच्या चपला फालेच्या पायरीशी नीट मांडून ठेवल्या, तोंडं डोंगराकडे करून. मी मात्र बराच वेळ जागी होते. झाप वर गुंडाळलेले होते. आभाळात त्रिशंकूचे चार तारे लखलखत होते आणि वारा इकडून येऊन तिकडून जात होता.

तोफा!

निघायच्या दिवशी आजींनी भाचीला स्वतः विणलेली एक छोटी चटई दिली. नातू बसपर्यंत आला. बस सुटली आणि सगळे हात हलवत ओरडले, ‘‘तोफा! तोफा!’’ बसमधले आम्ही दोघीही ओरडलो. दचकू नका, लढाई नव्हती ती! सामोअन भाषेत ‘तोफा’ म्हणजे ‘अच्छा, येतो हं’.

आता तुम्हाला एक काम सांगते. पुढच्या सुट्टीत अलिबागला, मालवणला, नाहीतर गोव्याला समुद्रावर जाल ना, तेव्हा पोहायला पळण्याआधी एकदा मागे वळून बघा. सगळ्यांत जवळची उंच जागा कोणती? तिथे जायचा रस्ता कोणता? आईबाबांना बरोबर घेऊन एकदा तिथवर चालून या. २००४ सालच्या २६ डिसेंबरला आपल्या अंदमान आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांनीही त्सुनामी पाहिली आहे. पाच-दहा मिनिटांचं काम. मग खुशाल पाण्यात डुंबा!

जाता जाता थोडी सामोअन शिकून ठेवा. ‘तालोफा’ म्हणजे नमस्कार. ‘फाआफेताई’ म्हणजे आभारी आहे. ‘फाआमोलेमोले’ म्हणजे कृपा करून. आणि शेवटचा शब्द तर तुम्हाला आता येतोच.

तोफा, दोस्तांनो!